घरचं बीपी मशिन, डायलिसिसचा पेशंट आणि फिस्टुला: काही महिन्यांचा अनुभव

आबांचं डायलिसिस सुरू झाल्यावर दंडाला पट्टा बांधायचं साधं डिजिटल मशिन घेतलं. कंपनीपेक्षा पट्टा बघून घ्या. सोबत आलेला पट्टा आबांच्या सुकलेल्या दंडाला मोठा पडायचा आणि मोठ्या पट्ट्यात बीपी खऱ्यापेक्षा कमी दिसतं. लहान मापाचा वेगळा मागवला. फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशन करून धमनीला जोडलेली शीर, डाव्या हातात. तिच्यावर दाब नको, म्हणून पट्टा कायम उजव्याच दंडाला.

बहुतेक लोक बीपी वाढलंय का ते बघायला मशिन घेतात. आमच्या घरी त्याचा खरा उपयोग झाला तो बीपी पडलेलं कळायला. चार तासांत अंगातलं दोन-तीन लिटर पाणी काढलं की जाताना १५०च्या घरात असलेला वरचा आकडा घरी आल्यावर शंभराच्या खाली. बीपी पडलं की फिस्टुल्यातला प्रवाह मंदावतो, आणि शीर आधीच कुठं अरुंद झाली असेल तर तिथं गुठळी धरायची भीती.

सोमवार सगळ्यात वाईट. मधे दोन दिवसांची सुट्टी, त्यात रविवारचा तांबडा-पांढरा. मिठानं तहान, तहानेनं पाणी, वजन वाढलं की जास्त ओढायचं आणि मग बीपी गडगडायचं. आबांचं आपलं एकच, "रस्सा म्हंजे काय पाणी हाय व्हय?"

एका सोमवारी घरी आल्यावर ८८ दाखवलं. फिस्टुल्यावर बोटं ठेवली की रक्ताच्या प्रवाहाची रोज लागणारी थरथर त्या दिवशी अगदी पुसट. तसंच रिक्षात घालून सेंटरला परत नेलं. डॉपलरमध्ये (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) शीर अरुंद झालेली दिसली, फुग्यानं रुंद करून घेतली. फिस्टुला पूर्ण बंद पडला असता तर डायलिसिससाठी मानेत कॅथेटर, म्हणजे नळी, आलंच. नंतर डॉक्टरांनी वहीतले आकडे बघून ड्राय वेट (जादा पाणी काढल्यावर राहायला हवं ते वजन) थोडं वाढवलं आणि डायलिसिसच्या दिवशीची बीपीची सकाळची गोळी संध्याकाळी नेली. गोळ्यांचं मात्र आपल्या मनानं काही करू नका.

तक्रारी आहेतच. ठोके अनियमित असले की मशिन एरर दाखवतं, सेल उतरले की पट्टा अर्धवटच फुगतो. मेमरी आहे, पण डायलिसिसच्या आधीचं कुठलं, नंतरचं कुठलं ते त्यात कळत नाही, म्हणून वही ठेवावीच लागते. आणि फिस्टुला चालू आहे का, हे कुठलंच मशिन सांगत नाही; सकाळ-संध्याकाळ बोटं ठेवून थरथर बघायचीच.

मनगटाचं मशिन स्वस्त आणि सुटसुटीत दिसतं, पण हात छातीच्या पातळीला धरला नाही की आकडा चुकतो. थकून आलेल्या माणसाला ते जमत नाही. दंडाचंच घ्या.