फोटोतली घाण माझ्या गाडीतली नव्हतीच

निम्मी चूक माझी आहे, हे आधीच कबूल करते. दिवसभर बँकेत बसून मी लोकांच्या कर्जाची कागदपत्रं तपासते. सही जुळली नाही तर माणसाला तीनतीनदा परत पाठवते. आणि एका रविवारी आमच्याच पार्किंगमध्ये दोन पोरांनी मला ६,४३० रुपयांना गंडवलं, तेव्हा हातातलं बिलसुद्धा मी धड वाचलं नाही.

गणपतीला आम्ही कणकवलीला गेलो होतो. कोकणातून परतणारी गाडी कशी असते ते वेगळं सांगायला नको. डिकीत नारळ, तांदूळ, कुळीथ, वर सुकटीची पिशवी. आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या खारट रसाच्या, बाटलीला जागा उरली नाही म्हणून ती ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटमागे पायाशी ठेवली. माणगावच्या ट्रॅफिकमध्ये कधीतरी तिचं बूच सैल झालं असावं. मुलुंडला उतरलो तेव्हा बाटली अर्धी रिकामी होती आणि कारपेट जांभळं झालं होतं. तीन-चार दिवसांत दार उघडलं की नाकाला रुमाल लावायची पाळी आली.

नेमकं तेव्हाच वायपरखाली पॅम्प्लेट सापडलं. घरपोच इंटीरियर ड्रायक्लीनिंग, फक्त ९९९ रुपये. (नाव ड्राय, पण सगळं काम साबणपाण्याचं. हे नाव कुणी पाडलं देव जाणे.) फोन केला, रविवारी अकराची वेळ मिळाली.

पोरं वेळेवर आली, हेही सांगायला हवं. स्कूटरवर दोघं, एक व्हॅक्यूम, दोन बादल्या, ब्रश, फडक्यांची पिशवी. बोलायला गोड. सोसायटीच्या मीटरची वीज वापरायची म्हणून सेक्रेटरींनी कुरकुर केली तर त्यांनाही "काका, दहा मिनिटांचं काम आहे" म्हणून गार केलं. मी थोडा वेळ उभी राहिले, मग कुकर लावायला वर गेले. तिथेच फसले.

अर्ध्या तासाने फोन. "मॅडम, जरा खाली या, एक गोष्ट दाखवायचीय." गेले. दोघांतल्या मोठ्या पोराने मोबाइल पुढे केला. फोटोत एसीची जाळी, तिच्यावर काळाकुट्ट थर आणि शेवाळासारखं काहीतरी हिरवं. "ही तुमची कूलिंग कॉइल. यातून हवा येते ती तुम्ही श्वासात घेता. घरात कुणाला दमा वगैरे आहे का?"

आमच्या सासूबाईंना आहे. मी हो म्हटलं, आणि त्या एका "हो"वर पुढचे पाच हजार गेले. त्याने घाई अजिबात केली नाही. उलट म्हणाला, "बघा, तुमची मर्जी. मी जबरदस्ती करणार नाही. पण म्हातारं माणूस मागे बसत असेल तर..." आणि वाक्य तिथेच सोडलं. पुढचं मी मनातल्या मनात पुरं केलं.

बिल असं झालं: ठरलेलं काम ९९९, कूलिंग कॉइल काढून धुणं १,८००, नवीन एसी फिल्टर ८५०, ओझोन ट्रीटमेंट १,२००, डागाचं खास केमिकल ६००. बेरीज ५,४४९, त्यावर १८ टक्के जीएसटी. गाडी चकचकीत दिसत होती, लिंबाचा वास येत होता, डॅशबोर्डात तोंड दिसत होतं. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पॅम्प्लेटवरच्या नावाऐवजी कुणा भलत्याच माणसाचं नाव आलं. "ते आमचे अकाउंटवाले आहेत," म्हणाला. मी पैसे पाठवले. मी मागितला म्हणून तो फोटोही त्याने व्हॉट्सअॅपवर पाठवला.

पहिला धक्का दुसऱ्याच दिवशी बसला. सिग्नलला ब्रेकवर पाय ठेवला आणि पाय घसरला. डॅशबोर्डची पॉलिश त्यांनी रबरी मॅटवर आणि पेडलांवरही फासली होती. गोष्ट लहान वाटते, पण ऐरोली नाक्याला समोर टँकर असताना लहान वाटत नाही. रात्री समोरच्या दिव्यांत अख्खा डॅशबोर्ड काचेत दिसायचा, इतका तेलकट. त्याच दिवशी मीटरवर एअरबॅगचा लाल दिवा लागला, तो विझेना.

मग पाऊस पुन्हा सुरू झाला. आमचं पार्किंग स्टिल्टखाली, तिथे ऊन कधीच येत नाही. आठ दिवसांनी दार उघडलं तर लिंबू कुठल्या कुठे, ओल्या गोणपाटाचा भपकारा. सीटबेल्टच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी, पिठाचा हात लागावा तशी. फोन लावला. आधी "टीमला सांगतो" झालं, मग "पावसाळ्यात असं होतंच मॅडम" झालं, मग फोन लागेनाच.

शेवटी गाडी भांडुपला आमच्या नेहमीच्या मेकॅनिककडे नेली. हे गृहस्थ साठीचे, बोलतात कमी. आधी ग्लोव्हबॉक्स सोडवला आणि त्यामागचा फिल्टर ओढून काढला. राखाडी झालेला, घड्यांत पिंपळाचं सुकलेलं पान. त्याच्या कडेला निळ्या मार्करने तारीख होती: १२-३-२३. अक्षर त्यांचंच. बसवताना ते नेहमी तारीख टाकतात, हे मला त्या दिवशी कळलं. माझे ८५० रुपये त्या पानावर गेले होते. तसाच नवा फिल्टर त्यांनी मला दुकानातून साडेतीनशेला आणून दिला.

कूलिंग कॉइल काढून धुतल्याचं मी सांगितल्यावर त्यांना हसू आलं. "किती वेळ लागला?" मी म्हटलं, सगळं मिळून दोन तास. म्हणाले, "ताई, कॉइल डॅशबोर्डच्या पोटात असते. बऱ्याच गाड्यांत ती बाहेर काढायची तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. दिवस जातो." न काढता आत फोम मारून ती धुता येते, पण मग गाडीखालच्या नळीतून, एसीचं पाणी टपकतं तिथूनच, काळं पाणी बाहेर येतं. ते गिऱ्हाइकाला दिसतं. मला काहीच दिसलं नव्हतं, कारण मी वर डाळीला फोडणी देत होते.

मग त्यांनी शेजारची सीट काढली. चार बोल्ट. सीटखाली पिवळ्या रंगाचं कनेक्टर अर्धवट लटकत होतं. पिवळं कनेक्टर म्हणजे एअरबॅगच्या लायनीतलं, हे तेव्हा समजलं. सीटखाली हात घालताना पोरांनी ते ओढलं असणार, त्यात ब्रशने पाणीही मारलेलं. जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत पुढच्या दोन्ही सीटना बेल्टचा रिमाइंडर सक्तीचा आहे, म्हणजे सीटखाली वायरी असणारच. तिथे भसाभसा पाणी मारणाऱ्याला थांबवा.

आणि कारपेट. वरून हात लावला तर कोरडं ठणठणीत. त्यांनी कोपरा उचलला, खालचा जाड फेल्ट चिमटीत धरून पिळला. गुलाबी पाणी गळलं. सोलकढीच्या रंगाचं! डागाच्या खास केमिकलने आगळ फक्त खाली ढकललं होतं. वर त्यात मीठ. पावसाळ्यात मिठाची बरणी कशी पाझरते, तसा तो फेल्ट आठ दिवस हवेतली ओल ओढत बसला होता. म्हणजे पोरांनी घाण काढली नाहीच, वर तिच्यात पाणी घातलं.

"हे आम्ही २६ जुलैला शिकलो," मेकॅनिक म्हणाले. २००५ साली सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा त्यांच्या गॅरेजसमोर बुडालेल्या गाड्यांची रांग लागली होती. ज्यांनी नुसतं वरून पुसून घेतलं त्यांच्या गाड्या महिन्याभराने परत आल्या, पत्र्याला गंज घेऊन. सीट आणि कारपेट बाहेर काढून वाळवण्याला पर्याय नाही, असं त्यांचं ठाम मत. ओझोनबद्दल विचारलं तर म्हणाले, वास मारेल, पाणी कसं सुकवेल?

त्या रात्री तो फोटो पुन्हा उघडला. त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरांत "फॉरवर्डेड" लिहिलेलं होतं. माझ्या गाडीचा फोटो, आत्ताच काढलेला म्हणून दाखवलेला, तो दुसऱ्या कुणाकडून पुढे ढकललेला. मी तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत बी विंगच्या एक बाई लिहितात, "अहो, हा तर आमच्या गाडीचा फोटो!" त्यांच्या मागोमाग पहिल्या मजल्यावरचे काका: हाच फोटो, मे महिन्यात, त्यांना तर जोडीला नातवाची अॅलर्जी. तिघांच्या गाड्या वेगवेगळ्या कंपनीच्या आहेत.

पैसे परत मिळाले का? नाही. ओटीपी चोरला नव्हता, मी स्वतःच्या हाताने पैसे दिले होते. अशा व्यवहारात बँक काय उत्तर देते ते मला पाठ आहे, रोज मीच देते. बिलावरचा जीएसटी नंबर मोजला. महाराष्ट्रातल्या नंबरासारखा २७ ने सुरू होत होता, पण नंबर असतो १५ अक्षरांचा, हा भरला १४. खरा असता तर जीएसटीच्या वेबसाइटवर टाकल्याबरोबर नोंदणीचं नाव दिसलं असतं. तो तपासायला एक मिनिट लागतं, आणि ते पैसे देण्याआधी घालवायचं असतं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पलीकडच्या बाई नीट बोलल्या, पण त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, कंपनीचा पत्ता काय? बिलावर पत्ता नाही. ग्राहक आयोगात आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीसुद्धा नाही, पण नोटीस कुठल्या दारावर चिकटवायची? म्हणून काम सुरू करण्याआधी पत्ता मागा. नाही दिला तर बादल्या उचलायला सांगा. आणि कुकर दुसऱ्या कुणाला तरी लावू दे. तुम्ही खालीच उभ्या राहा, कॉइल असो की फिल्टर, आधी स्वतःच्या डोळ्यांनी गाडीत बघा, काढलेला जुना पार्ट हातात घ्या.

मेकॅनिकनी फिल्टर धरून २,४०० रुपये घेतले. त्यात कनेक्टर बसवून लाल दिवा घालवणं आलं, पण वाळवणं आमच्याकडे. गॅरेजात जागा नव्हती. त्यामुळे ऑक्टोबरच्या उन्हात तीन दिवस आमच्या गच्चीवर दोन कार सीट, एक कारपेट आणि शेजारच्यांचे पापड असा बाजार मांडला होता. सेक्रेटरी पुन्हा कुरकुरले. सासूबाई कावळे हाकायला म्हणून गच्चीवर गेल्या त्या ड्रायव्हरच्या सीटवर बसून राहिल्या, लिव्हर ओढून पाठ मागे केलेली. मी जेवायला बोलवायला गेले तर म्हणाल्या, "ही अशीच राहू दे इथे. आणि त्या मुलाला माझा दमा कशाला सांगितलास गं? मी तर गाडीत नेहमी काच उघडीच ठेवते."