अमेरिकेत हद्दपार झालेला पूर्वज शोधताना: आधी लंडन की आधी मेरीलँड?

घराण्यात ‘आमचा मूळ पुरुष कैदी म्हणून आला’ अशी कुजबुज असेल, किंवा अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या आसपास वंशवेल एकदम तुटत असेल, तर शोधाची दोन टोकं समोर येतात. एक इंग्लंडचं, जिथे शिक्षा झाली. दुसरं अमेरिकेचं, जिथे तो जहाजातून उतरला आणि ठराविक वर्षांसाठी नोकर म्हणून विकला गेला. १७१८ ते १७७५ या काळात ब्रिटन आणि आयर्लंडमधून सुमारे ५०,००० कैदी अमेरिकेत गेले, त्यांतले बहुतेक मेरीलँड आणि व्हर्जिनियात. (जॉर्जिया ही कैद्यांची वसाहत होती हा समज चुकीचा आहे, तिकडे वेळ घालवू नका.) दोन्ही टोकं कधी ना कधी हाताळावीच लागतात. आधी कुठलं धरायचं, एवढंच ठरवायचं आहे.

इंग्लंडचं टोक सोपं वाटतं, आणि त्याला कारण आहे. ओल्ड बेली या लंडनच्या फौजदारी कोर्टाचे १६७४ ते १९१३ पर्यंतचे छापील खटले ऑनलाइन फुकट आहेत, नाव टाकून आणि हद्दपारीची शिक्षा निवडून शोधता येतात. चोरीला गेलेला रुमाल किती किमतीचा होता इथपर्यंत सगळं कळतं. पण हे कोर्ट लंडन आणि मिडलसेक्सपुरतं. बाकी इंग्लंडसाठी लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हज्‌मधली असाइझ कोर्टांची (गंभीर गुन्ह्यांसाठी काउंटी-काउंटीत फिरणाऱ्या कोर्टांची) दप्तरं आणि त्या त्या काउंटीच्या दप्तरखान्यातले क्वार्टर सेशन्सचे (दर तिमाहीला भरणाऱ्या स्थानिक कोर्टाचे) कागद पाहावे लागतात. १७३३पर्यंत ही दप्तरं लॅटिनमध्ये, तीही कोर्टाच्या वळणदार अक्षरात. मिडलँड सर्किटचे (फिरत्या कोर्टाच्या मध्य इंग्लंडातल्या फेरीचे) त्या काळातले कागद तर बहुतेक उरलेलेच नाहीत. ‘डिजिटल पॅनॉप्टिकॉन’ या कैद्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर बरेच जण आधी जातात, पण त्याचा काळ १७८०नंतरचा आहे. तोवर अमेरिकेला कैदी पाठवणं बंद झालं होतं.

हे सगळं मेहनतीने पार पडतं. ज्या एका गोष्टीने माझा कल आधी अमेरिका धरण्याकडे वळला ती वेगळीच आहे. आरोपपत्रात आरोपीचं नाव, मग ‘अमुक पॅरिशचा’ (चर्चच्या हद्दीतल्या वस्तीचा) आणि ‘मजूर’ असं लिहिलेलं असतं. नवा माणूस हे पूर्वजाचं गाव आणि धंदा म्हणून आनंदाने उतरवून घेतो. प्रत्यक्षात राहण्याचं ठिकाण आणि धंदा लिहिणं कायद्याने सक्तीचं होतं म्हणून कारकून साचा भरत. पॅरिश बहुतेक वेळा गुन्हा घडला तिथला, आणि ‘मजूर’ हे सुतारालाही लावलेलं असे. वय तर त्या काळात क्वचितच नोंदवलेलं सापडतं. आपल्याकडे कुलवृत्तांतात मूळ गाव पहिल्याच पानावर येतं. इथे मूळ गाव म्हणून जे हाती लागतं तेच खोटं निघतं. मग विल्यम जॉन्सन नावाचे पाच-सहा हद्दपार कैदी समोर आले की त्यांतला आपला कुठला, हे ठरवायला इंग्लंडच्या कागदात काहीही नसतं. लोक सोयीचा निवडतात आणि वंशवेल कायमची चुकते.

त्यात टोपणनावांची भर. जेनी डायव्हर म्हणून गाजलेली खिसेकापू १७३८मध्ये जेन वेब या नावाने हद्दपार झाली, आणि परत आल्यावर १७४१मध्ये तिच्यावर मेरी यंग या नावाने खटला चालून फाशी झाली. एक बाई, कोर्टाच्या कागदात दोन नावं.

अमेरिकेच्या बाजूला कागद कमी आहेत, विस्कळीत आहेत, पण ते माणसाचं वर्णन करतात. पळून गेलेल्या नोकराची जाहिरात पाहा: वय, उंची, देवीचे व्रण, ऑस्नबर्गच्या जाड्याभरड्या कापडाचा सदरा, कुठला धंदा येतो, बोली पश्चिम इंग्लंडची की आयरिश, मालक कोण. कधी जहाजाचं नावही. अशा जाहिराती छापणारी ‘मेरीलँड गॅझेट’ आणि ‘व्हर्जिनिया गॅझेट’ ही वर्तमानपत्रं ऑनलाइन पाहता येतात. आडनावाची स्पेलिंगं बेभरवशाची असतात, म्हणून आडनावाऐवजी ‘कॉन्व्हिक्ट सर्व्हंट’ (कैदी नोकर) हे शब्द आणि मालकाचं नाव शोधा. विल्यम्सबर्गमध्ये एकाच वेळी एकाहून अधिक ‘व्हर्जिनिया गॅझेट’ निघत होती, तेव्हा टिपणात तारखेसोबत मुद्रकाचं नाव लिहा. नाहीतर तीच जाहिरात तुम्हालाच पुन्हा सापडणार नाही.

दुसरी जागा म्हणजे मयत मालकाच्या मालमत्तेची यादी. गायी, भांडी यांच्या ओळीत नोकर आणि त्याची उरलेली वर्षं येतात. स्वखुशीने करारावर आलेल्या प्रौढाची मुदत साधारण ४-५ वर्षं असे. कैद्याची बहुधा ७, काहींची १४. त्यामुळे प्रौढ नोकराची ६ वर्षं शिल्लक दिसली की कान टवकारावेत. मेरीलँडच्या काही काउंटींत कैद्यांच्या स्वतंत्र नोंदवह्याही आहेत, त्या अ‍ॅनापोलिसच्या राज्य दप्तरखान्यात मिळतात.

इथून जहाज आणि साल हाती आलं की समुद्र ओलांडा, पण नावाने शोधू नका, जहाजाने शोधा. ब्रिटिश ट्रेझरीच्या (सरकारी खजिन्याच्या) टी ५३ या क्रमांकाच्या वह्यांत कैदी वाहून नेणाऱ्या कंत्राटदारांना दिलेल्या पैशांच्या नोंदी १७७२पर्यंत आहेत, आणि सुरुवातीच्या दशकांत त्यांत जहाजावरच्या कैद्यांच्या याद्याही येतात. पीटर विल्सन कोल्डहॅम यांच्या १६१४ ते १७७५ या काळातल्या हद्दपारांच्या छापील सूचीत बरंच काम तयार मिळतं. फक्त तिच्यातली अक्षरं नीट वाचा: ‘एस’ म्हणजे शिक्षा झाली, ‘टी’ म्हणजे जहाजावर चढवला. नुसता ‘एस’ असेल तर तो निघालाच असं नाही. न्यूगेटच्या तुरुंगात बरेच जण तापाने मरत, काहींना माफी मिळे.

तारखांची एक तपासणी कधी चुकवू नका. १७५२पर्यंत इंग्रजी वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणजे मूळ कागदातला फेब्रुवारी १७३० हा आपल्या हिशेबाने १७३१. खटल्यानंतर जहाज मिळायला काही आठवडे, प्रवासाला साधारण दोन महिने. खटल्यानंतर महिन्याभरातच तो अमेरिकेत दिसत असेल तर माणूस दुसरा आहे.

आडनाव खरोखर दुर्मीळ असेल तर ओल्ड बेलीपासून सुरुवात करायला माझी हरकत नाही. व्हर्जिनियातही कधी दुसरा इलाज नसतो: १८६५च्या रिचमंडच्या आगीत तिथल्या जनरल कोर्टाचे कागद गेले, काही काउंटींची दप्तरंही जळाली. मग इंग्लंडचीच बाजू धरावी लागते. अशा वेळी तुमच्या माणसाचं नाव जॉन स्मिथसारखं असेल, तर जहाजाच्या यादीतलं सर्वांत विचित्र आडनाव घ्या आणि त्याचा खटला आधी शोधा. एका जहाजावर कोर्टाच्या एकाच सेशनचे (बैठकीचे) बरेच कैदी एकत्र चढवत, त्यामुळे तुमचा जॉन स्मिथ त्याच दिवसांच्या निकालांत असण्याची शक्यता चांगली असते.