एअर रायफलवर रेड डॉट: माउंट उंच घ्यावा की बुटका?

रेड डॉट, म्हणजे नेम धरायला काचेत लाल ठिपका दाखवणारं साधन, कुठला घ्यावा हे सांगणारे पुष्कळ भेटतात. तो कुठल्या माउंटवर, म्हणजे रायफलला जोडणाऱ्या पकडीवर, बसवावा, यावर मात्र दुकानदारही खांदे उडवतो. मी दोन्ही माउंट घेऊन बसलोय आणि दोन्हींवर एकेक हिवाळा काढलाय. रायफल साधीच. ०.१७७ इंची छर्ऱ्याची, नळी मोडून भरायची, २० जूलच्या आतली, म्हणजे परवान्याची भानगड नाही. जागा बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शिवारातली, भात कापून झाल्यावरची. पाठीमागं राजहंसगड, समोर मातीचा बांध आणि बांधाला टेकवलेलं चिंध्यांनी भरलेलं पोतं. चिऱ्याच्या भिंतीवर निशाण लावू नका, छर्रा उलटा येतो. माझा एक येऊन पायताणाजवळ पडला, तेव्हापासून पोतं.

आधी बुटक्याबद्दल. नळीच्या मध्यापासून ठिपक्यापर्यंत माझ्या पट्टीनं साडेतीन सेंटीमीटर भरतात. गाल दस्त्यावर आपोआप बसतो. झिरो करणं, म्हणजे ठरावीक अंतरावर छर्रा ठिपक्यावरच लागेल असं जुळवणं, तेही सोपं. १० मीटरवर जुळवलं की २० मीटरपर्यंत वेगळा विचार करावा लागला नाही, त्यापुढं छर्रा खाली पडू लागतो. कागदावर बघाल तर हाच माउंट जिंकतो, आणि ज्याला चष्मा नाही त्यानं पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

मला चष्मा आहे. गाल दस्त्याला टेकला की डोकं पुढं झुकतं आणि मी काचेच्या मधून नव्हे, वरच्या कडेतून बघू लागतो. फ्रेमची काळी कड बरोबर ठिपक्यावर येते. मग हात सोडून बोटानं चष्मा वर ढकलायचा, पुन्हा रायफल खांद्याला लावायची, पुन्हा गाल टेकवायचा. तोवर घामानं चष्मा परत नाकाच्या शेंड्यावर. पाच छर्ऱ्यांत चार वेळा हेच. पुतण्या शेजारी उभा राहून विचारतो, "काका, छर्रे मारुलालाय की चष्मा सारखा करुलालाय?" चष्मा काढून बघितलं तर माझ्या डोळ्याच्या सिलिंडरच्या नंबरामुळं ठिपक्याची चांदणी होते, आणि चांदणीनं नेम कुठं धरायचा? वर संध्याकाळी मान आखडते ती वेगळी. एका रविवारी मी सगळं आवरून मळणीच्या ताडपत्रीवर नुसता बसून राहिलो, आणि त्याच आठवड्यात उंच माउंट मागवला.

उंच माउंटवर हेच अंतर सहा सेंटीमीटर. डोकं सरळ राहतं, नजर काचेच्या मधोमध जाते. पण ते काही फुकट मिळत नाही.

पहिली गोष्ट झिरोची. नळी ठिपक्याच्या रेषेच्या खाली असते आणि छर्रा खालून चढत त्या रेषेला भेटतो. माउंट जितका उंच तितकी ती चढण उभी. सवयीनं मी १० मीटरवर झिरो केला आणि २० मीटरवर छर्रे दोन सेंटीमीटर वर लागू लागले. मला वाटलं माउंटच वाकडा आलाय. २० मीटरवर झिरो केल्यावर बस्तान बसलं. आता १० मीटरवर साधारण एक सेंटीमीटर खाली लागतो, ५ मीटरवर तीन. जवळच्या डब्यावर नेम थोडा वर धरायचा, एवढं लक्षात ठेवावं लागतं. क्लिक, म्हणजे ठिपका सरकवणाऱ्या स्क्रूचे टप्पे, मोजताना घाई करू नका: एक एमओएचा (अंशाच्या साठाव्या भागाचा) क्लिक २० मीटरवर जेमतेम सहा मिलिमीटर हलवतो, १० वर तीन. पाच छर्ऱ्यांचा झुबका बघून मगच स्क्रू फिरवायचा. एकाच छर्ऱ्याच्या मागं धावलात की दुपार गेली. आणि स्प्रिंगवाली रायफल मुठीत आवळू नका, पुढच्या तळहातावर नुसती ठेवा, नाहीतर झुबकाच होत नाही.

दुसरी गोष्ट, गाल हवेत राहतो. दस्त्याला लागते ती हनुवटी. मी योगा मॅटचा तुकडा दुमडून टेपनं गुंडाळलाय. दिसायला गावठी, पण डोकं रोज एकाच जागी येतं. १० मीटरवर हे महत्त्वाचं, कारण इतक्या जवळ डोकं हललं तर ठिपकाही थोडा सरकतो.

तिसरी, स्प्रिंगचा धक्का आधी मागं, मग पुढं. उंच माउंट त्यानं जास्त डुलतो आणि रायफलवरच्या खाचेत हळूहळू सरकतो. अडसराची पिन असलेलाच घ्या. मी माउंट आणि खाच यांच्यावरून रंगाची एक रेघ ओढून ठेवलीय. रेघ तुटलेली दिसली की समजायचं, झिरो गेला.

एवढं ऐकून बुटकाच बरा वाटेल, आणि पंचविशीतल्या माणसाला कदाचित बराही असेल. पुतण्या अजून तोच वापरतो, डबे पटापट पाडतो आणि माझ्याकडं बघून हसतो. मी मात्र दुसरा हिवाळा सगळा उंचावरच काढला, आणि बुटका खोलून त्याच्या रायफलवर कायमचा दिलाय.

घ्यायच्या आधी एक करून बघा. चष्मा घालून डोळे मिटा, रिकामी रायफल खांद्याला लावा, मान आपोआप जिथं थांबेल तिथं थांबू द्या आणि डोळे उघडा. घरच्या कुणाला तरी पट्टी घेऊन शेजारी उभं करा. नळीच्या मध्यापासून तुमच्या बुबुळापर्यंत किती सेंटीमीटर भरतात ते लिहून घ्या, आणि तो कागद घेऊनच दुकानात जा.