फ्लायट्रॅप जानेवारीतच जागा झाला: परत फ्रिजमध्ये, बाल्कनीत की लाइटखाली?

संक्रांतीचा तिळगूळ अजून डब्यात असतो आणि हिवाळ्याची झोप मिळावी म्हणून फ्रिजमध्ये झिपलॉकच्या पिशवीत ठेवलेल्या व्हीनस फ्लायट्रॅपला, म्हणजे त्या किडे खाणाऱ्या झाडाला, हिरवा कोंब दिसतो, दरवर्षी कुणा ना कुणाचं हे होतंच. मग सुरू होतं, परत झोपवू का बाहेर काढू. मी तिन्ही प्रकार करून बसलोय, एकदा तर एक झाड घालवूनसुद्धा, म्हणून एकदाचं सविस्तर लिहितो.

आधी हे लवकर का उठतं ते. हे झाड मूळचं अमेरिकेतल्या नॉर्थ आणि साउथ कॅरोलिनाचं, विल्मिंग्टन गावाच्या आसपासच्या दलदलीतलं. तिकडे हिवाळ्यात दिवस साधारण १० तासांचा होतो आणि रात्री पाणी गोठण्याइतकी थंडी पडते, त्यामुळे झाड तीन-चार महिने गप्प पडून राहतं. पुण्यात डिसेंबरचा सगळ्यात लहान दिवसही ११ तासांचा, रात्री १०-१२ डिग्री असली तरी दुपारी २८-३०, म्हणजे झाडाला झोप लागते न लागते तोच कुणीतरी दिवा लावल्यासारखं. मुंबईत तर रात्रीसुद्धा १७-१८, तिथे बाल्कनीत झोप विसराच.

ठरवायच्या आधी दोनच गोष्टी बघा, झोप किती आठवडे झाली आणि वाढ किती पुढे गेलीय. बाकी सगळं नंतर.

परत फ्रिज. झोप पाच-सहा आठवड्यांचीच झालीय आणि मध्यभागी नुसती हिरवी टोकं फुगलीत, पान उलगडलेलं नाही, तर हा पर्याय चालतो. ३ ते ५ डिग्री, मुळांभोवतीचं मॉस (शेवाळ) ओलसर पण पिळलं तर पाणी टपकायला नको, मेलेली काळी पानं आधी साफ. पण एकदा पान वर आलं असेल तर नाही म्हणजे नाही. माझं जे गेलं त्याला दोन इंची पान होतं आणि मी म्हटलं अजून महिनाभर झोपू दे, फेब्रुवारीच्या शेवटी पिशवी उघडली तर पान कांद्याच्या पातीच्या खालच्या भागासारखं पांढरं, लांबुळकं आणि त्याच्या बुडाशी करडी बुरशी, बोटाने दाबलं तर कंद पिचकला. अंधारात झाड वाढतं ते कंदातला साठा खाऊन, वरून काही कमाई नाही, आणि असली लुसलुशीत पानं म्हणजे बुरशीला आमंत्रणच. शिवाय घरच्यांचं ऐकावं लागतं ते वेगळंच, आमच्या आईला किडे खाणारं झाड कोथिंबिरीशेजारी अजूनही पटलेलं नाही.

बाल्कनी. पुणे, नाशिककडच्या लोकांसाठी मला हेच सगळ्यात बरं वाटतं. जानेवारीत रात्री अजून गार असतात (निफाडवाल्यांना तर प्रश्नच नाही), त्यामुळे झाड उठलं तरी दमादमाने वाढतं, पूर्ण झोप नाही पण डुलकी म्हणा. फ्रिजमधनं काढून थेट दुपारच्या उन्हात मात्र ठेवू नका, पानं भाजतात, आठवडाभर सकाळचं कोवळं ऊन आणि मग हळूहळू चार-पाच तास. कुंडी पांढरी असेल तर उत्तम, काळ्या प्लास्टिकची कुंडी फेब्रुवारीच्या दुपारी हात लावून बघा, मग कळेल. ट्रेमध्ये सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर पाणी बास. पाणी पावसाचं किंवा आरओचं, आणि आरओ म्हटलं की लोक निर्धास्त होतात पण घरच्या मशीनला चवीसाठी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) वाढवायची सोय असते, तेव्हा मीटरने मोजा, ५०च्या खाली पाहिजे.

ग्रो लाइट, म्हणजे झाडं वाढवायचा दिवा. मुंबई-ठाणे किंवा ज्यांच्या बाल्कनीला ऊनच नाही त्यांनी हा घ्यावा. उठलेलं झाड आत आणलं की भरपूर उजेड द्यायचा, रोज १२-१४ तास टायमर लावून, आणि खिडकीतल्या उजेडावर भागेल असं समजू नका, पानं लांबट आणि ट्रॅप (पानाच्या टोकाचे किडे पकडणारे जबडे) बारके येतात. तोटा एवढाच की आता मागे फिरणं नाही, झाडाचा सीझन सुरू झाला. विजेचं बिल फार येत नाही पण टायमर नसेल तर तुम्ही दोन दिवसांत कंटाळाल, मी कंटाळलो होतो.

लोक घाबरतात ते झोप कमी पडली म्हणून. एका वर्षी आठ-नऊ आठवड्यांवर उठलं म्हणून धडधाकट झाड मरत नाही, पहिले ट्रॅप थोडे लहान येतील इतकंच. वर्षानुवर्षं झोपच मिळाली नाही तर मात्र ते खंगत जातं. म्हणजे माझं मत विचाराल तर शंका असेल तेव्हा बाहेर काढा, आणि पुढच्या वर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच फ्रिजमध्ये टाका, संक्रांतीला जाग आली तरी निदान पाच-सहा आठवडे पदरात पडलेले असतात.

सॅरासेनिया (नळीसारख्या पानांत किडे पकडणारं झाड) पाळणाऱ्यांनी फ्रिजच्या भानगडीत पडूच नये, एक तर ती कुंडी मावत नाही आणि तिला सहसा कळी आधी येते, पिचर (ती नळीसारखी पानं) नंतर, त्यामुळे गोल बोंडासारखं काही दिसलं तर ते सडलंय समजून उपटू नका. नेपेंथिसला, म्हणजे घटपर्णीला, झोप लागतच नाही, तिची एक जात आपल्या मेघालयातल्या खासी टेकड्यांकडची असली तरी, तिला फ्रिजमध्ये घातलेलं मी एकाकडे बघितलंय, बिचारी.

आणि फ्लायट्रॅपला उठल्या उठल्या मधनं जाड, गोल टोकाचा दांडा आला तर ते पान नाही, फुलाचा दांडा आहे. अर्धवट झोपेतनं उठलेल्या झाडाला फुलाचा खर्च झेपत नाही, दोन इंचांचा झाला की कापा. कापलेला तुकडा फेकू नका, ओल्या स्फॅग्नम मॉसमध्ये खोचून वर प्लास्टिकचा ग्लास पालथा घाला, माझ्या चारपैकी दोन दांड्यांना बुडाशी तांदळाएवढे ट्रॅप फुटलेत.