५८ सीसीचं चिनी चेनसॉ : बार लांब, पंप लंगडा

पावसाळा संपता संपता माझ्या चेनसॉचा, म्हणजे लाकूड कापायच्या मशीनचा, चेनला तेल पुरवणारा ऑइल पंप गेला, म्हणून हे लिहायला घेतलं. उन्हाळ्यात कुणी विचारलं असतं तर ‘या पैशात दुसरं काही बघू नका’ असंच सांगितलं असतं. मशीन म्हणजे ऑनलाईन मिळणारं ५८ सीसीचं चिनी, २२ इंची बारवालं (बार म्हणजे जिच्यावरून चेन फिरते ती लांब पट्टी).

दुखणं बारापासून सुरू होतं. आपल्या खानापूर-बेळगावकडे लाकडाचा हिशेब घेरात चालतो आणि मशीन विकलं जातं बाराच्या इंचांवर. सहा फूट घेराचा आंबा म्हटलं की माणूस दचकून लांब बारवालं मशीन मागवतो. ७२ इंचांना ३.१४ ने भागा, जाडी २३ इंचांच्या आत येते. दोन्ही बाजूंनी कापलं तर त्याला १८ इंची बार आरामात पुरतो. आठ फूट घेर म्हणजे साडेतीस इंच जाडी, तीही निघते. फक्त दोन्ही काप एका रेषेत यायला घेरावर आधी खडूने खूण करून घ्यायची.

२२ इंची बारावर ०.३२५ इंच पिचची (पिच म्हणजे कड्यांमधलं सरासरी अंतर), ८६ लिंकची (बाराच्या खाचेत फिरणाऱ्या कड्यांची) चेन बसते. तिच्यात साधारण दर १.३ इंचाला एक दात येतो. बार पूर्ण लाकडात गेला की सोळा-सतरा दात इंजिनाला एकदम ओढायचे असतात. ५८ सीसी हा आकडा डब्यावरचा. पिस्टन ४५.२ मिमीचा आहे, त्यावर ५८ सीसी भरायला ३६ मिमीचा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) लागेल आणि तेवढा यात नाही. आंबा, सिल्व्हर ओक कापताना हे कळत नाही. मत्ती (ऐन), जांभूळ किंवा वाळलेल्या बाभळीत मात्र आवाज बसतो, चेन थांबते आणि क्लच घसरायला लागतो.

क्लच घसरला की तापतो. नेमका त्याच्या मागे ऑइल पंप फिरवणारा वर्म गिअर (स्क्रूसारखे आटे असलेला गिअर) असतो, तोही प्लास्टिकचा! आधी तो मऊ पडतो, मग त्याचे आटे झिजतात आणि पंप फिरायचा थांबतो. बाहेरून काहीच कळत नाही, इंजिन मस्त चालू असतं. बाराचं टोक निळं पडलं आणि चेन सैल होऊन लोंबायला लागली की समजतं. माल वाहणाऱ्या गाडीला सायकलचा ब्रेक लावावा तसली ही रचना. एवढ्या लोखंडात दोन रुपयांचं लोखंड इथेच वाचवायचं होतं का?

तेल येतंय का हे बघायला बाराचं टोक पांढऱ्या पुठ्ठ्यासमोर वीतभर अंतरावर धरून पूर्ण रेस द्या. तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. पेट्रोलची टाकी संपेपर्यंत तेलाची टाकीही बरीचशी उतरायला हवी. उतरली नाही तर पंपाला शिव्या देण्याआधी बार काढून तेलाचं भोक आणि खाच तारेने साफ करा. फणस कापल्यावर चीक आणि भुसा मिळून तिथे बूच बसतं. जळकं इंजिन ऑइल टाकू नका, त्यातली धातूची पूड पंप खाते.

तरीही तेल नाही आलं तर क्लच काढावा लागतो. स्पार्क प्लग काढून भोकातून दोरी आत सोडली की पिस्टन अडतो. क्लच उलट्या आट्याचा आहे, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. हे माहीत नसलेले मेस्त्री छिन्नी लावून तो फोडतात. विकणाऱ्याचं उत्तर असं की वॉरंटी इंजिनाला आहे, पंप ‘झिजणारा भाग’. गावातल्या दुकानदाराने आपण विकलेलं नाही म्हणून हात लावला नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पितळी गिअर करून मिळेल, पण एका नगासाठी नवीन पंपापेक्षा महाग पडतो.

त्या आठवड्यात या मशीनला पाचपैकी एकच तारा द्यायचा विचार होता. मग नव्या गिअरबरोबर १८ इंची बार आणि ७२ लिंकची चेन चढवली, आणि मत बदलावं लागलं. त्याच मत्तीत आवाज बसत नाही, क्लचचं झाकण हाताला चटका देत नाही, तेल टोकापर्यंत पोचतं. पिच ०.३२५ आणि गेज (खाचेत बसणाऱ्या कडीची जाडी) ०.०५८ इंच तेच असल्यामुळे स्प्रॉकेट, म्हणजे चेन ओढणारं दातेरी चक्र, बदलावा लागला नाही. म्हणजे इंजिन वाईट नव्हतं, त्याच्या गळ्यात लांब बार बांधला होता.

बाकी किरकोळ. धारेला ४.८ मिमीची गोल कानस. पेट्रोल लिटरला ४० मिली टू-स्ट्रोक ऑइल. महिनाभर पडून राहणार असेल तर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. इथेनॉलच्या पेट्रोलने कार्ब्युरेटरचा पडदा कडक होतो. स्वतःच्या रानातलं झाड असलं तरी तोडण्याआधी वन खात्याची परवानगी लागते का ते बघा, कर्नाटकात १९७६ चा कायदा आहे.

रोज तीन फूट जाडीचे ओंडके कापणाऱ्याने यात पडूच नये. त्याला श्टील (Stihl) कंपनीच्या एमएस ३८२ सारखं ७२ सीसीचं मशीन लागतं, २४-२५ इंची बार तिथे शोभतो. घरचं, शेतातलं, वाऱ्याने पडलेलं कापायला हेच घ्या, पण १८ इंची बारासकट मिळत असेल तरच. आणि वर्म गिअर दोन मागवा, कुरिअरचा खर्च एकाला लागतो तेवढाच दोनाला लागतो.