कॅरल डॅन्व्हर्स: काळा पोशाख की निळा?

भाचीला कॉस्प्लेसाठी, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश घालून वावरायला, मार्व्हल कॉमिक्सची सुपरहिरो कॅरल डॅन्व्हर्स व्हायचंय, पण पोशाख ठरत नाही. कॅरल आधी मिस मार्व्हल होती, पुढे कॅप्टन मार्व्हल झाली. १९७८ सालचा मिस मार्व्हलचा काळा, की २०१२ सालचा कॅप्टन मार्व्हलचा निळा-लाल?

शिवणाच्या दृष्टीने काळा सोपा. चित्रकार डेव्ह कॉक्रम यांनी तो आखला तो स्विमसूटच्या बेताचा: छातीवर पिवळी वीज, कमरेला लाल शेला, मांडीपर्यंत बूट, लांब हातमोजे. एकच रंग, कापड थोडं, वीज वरून शिवली की झालं. चित्रकार जेमी मॅकेल्वी यांनी आखलेल्या निळ्यात मात्र रंगांचे जोड आहेत. एक जरी तिरका गेला तरी छातीवरचा तारा वाकडा दिसतो. कापडही जास्त लागतं.

दिवसभर वावरायला निळाच बरा. अंग पूर्ण झाकलेलं, सारखं काही सावरायला नको.

मला महत्त्वाचं वाटतं ते पात्र. कॅरल हवाई दलातली वैमानिक. काळ्या पोशाखात ते कुठेच दिसत नाही. निळा मात्र थेट वैमानिकाच्या सूटवरून घेतलेला. त्यातला ताराही उपरा नाही. १९७७ साली तिचा पहिला पोशाख मूळ कॅप्टन मार्व्हलच्या, म्हणजे तिच्याआधी ते नाव लावणाऱ्या नायकाच्या, पोशाखावर बेतलेला होता, तेव्हाही तो तारा तिच्या छातीवर होताच. काळ्याने तो काढला, निळ्याने परत आणला. लाल शेला मात्र निळ्यातही टिकला, याचा मला फार आनंद आहे.

हाताशी आठवडाच असेल आणि जुन्या अंकांवर जीव असेल, तर काळा घे. महिना असेल आणि लहान मुलींनीही लगेच ओळखावं असं वाटत असेल, तर निळा.