डबल कॅब फोर बाय फोर: तीन गाड्या, एक चढ आणि २६० किलो सामान

अकरा वर्षं झाली, मी विहिरी आणि बोअरवरचे पंप दुरुस्त करतो. दुकान नाशिकच्या म्हसरूळला, पण निम्मं काम पेठ आणि सुरगाणा तालुक्यांत. शेतकऱ्याचा पंप बंद पडला की तो दुकानात आणत नाही, आपल्यालाच जावं लागतं. मी, वायरमन आणि दोन पोरं, असे चौघं. सोबत तिपाई, चेनपुली, केबलचं भेंडोळं, एखाददुसरा बदली पंप, हत्यारांची पेटी. म्हणून मला चार दारांची, मागे हौदा असलेली आणि चारही चाकं ओढणारी डिझेल गाडी, म्हणजे डबल कॅब फोर बाय फोर, हवी होती. हौसेचा त्यात भाग नव्हता, असं नाही म्हणणार, पण पैसे कामासाठी घातले.

आधीची गाडी साधी होती, फक्त मागची चाकं ओढणारी. २०२३ च्या जुलैत करंजाळीच्या पुढे एका पाड्याच्या उतारावर ती लाल मातीत अशी बसली की मागचा एक्सल जमिनीला टेकला. पाऊस थांबेना. गावातल्या दोघांनी भाताच्या गाऱ्यातली बैलजोडी सोडून आणली आणि गाडी ओढली. त्या दिवशी त्यांची लावणी दोन तास खोळंबली. मी पैसे पुढे केले, त्यांनी घेतले नाहीत. त्या रात्री घरी आल्यावर मी फोर बाय फोरचा विषय काढला.

आपल्याकडे या प्रकारात पर्याय मोजकेच. इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस, टोयोटाची हायलक्स आणि महिंद्राचा बोलेरो कॅम्पर फोर डब्ल्यूडी. जुनी स्कॉर्पिओ गेटअवे आणि टाटा झेनॉन अजून दिसतात, पण नव्या मिळत नाहीत. इथे पहिली सूचना: नावावर जाऊ नका. इसुझूची हाय-लँडर दिसायला व्ही-क्रॉससारखीच, पण ती फोर बाय टू, म्हणजे फक्त मागची चाकं ओढणारी. एस-कॅबही तशीच. खुद्द व्ही-क्रॉसमध्येही फोर बाय टू मॉडेल आलेलं आहे. गिअरच्या बाजूला फोर बाय फोरची गोल कळ आहे का, ते स्वतः डोळ्यांनी बघा.

मी एका शोरूममध्ये गेलो. चाचणीसाठी गाडी दिली ती मुंबई-आग्रा महामार्गावर, पाथर्डी फाट्यापर्यंत आणि परत. मागे हौदा रिकामा. मी म्हटलं, सामान टाकून एखाद्या कच्च्या चढावर नेऊ का, तर थेट नाही म्हणाले. त्यांची अडचण असेल, पण तीस लाखांच्या घरातली गाडी गुळगुळीत डांबरावर रिकामी चालवून मला काय कळणार? मागे लोखंडी पाट्यांचे स्प्रिंग असलेली पिकअप रिकामी असली की मागून उडते, कारण ते पाटे वजनासाठी बनवलेले असतात. खड्ड्यात ती आदळली की माणूस म्हणतो, छे, ही नको. आणि तीच गाडी अडीचशे किलो टाकल्यावर शांत बसते. उलटही होतं. रिकामी असताना वाघासारखी वाटणारी गाडी भरल्यावर चढावर नाक वर करते आणि पुढच्या चाकांचा भार हलका होतो, स्टेअरिंग ऐकत नाही. म्हणून मी ठरवलं की तिन्ही गाड्या एकाच वजनानं, एकाच चढावर चालवून बघायच्या, मगच पैसे मोजायचे.

ओळखी कामाला आल्या. हायलक्स पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष बागायतदाराची. त्यांचे सहा पंप मी सांभाळतो. व्ही-क्रॉस आमच्या मेहुण्यांच्या मित्राची. कॅम्पर पेठमधल्या एका ठेकेदाराचा. सामान आधी भंगारवाल्याच्या काट्यावर तोललं: २६० किलो. वर आम्ही चौघं. तीन वेगवेगळे दिवस लागले, पण तिन्ही जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातले, पहिला पाऊस होऊन माती ओली झालेली.

चढ तोच, जिथे बैलांनी ओढलं होतं. खाली लाल माती, मध्ये पाण्यानं खोदलेली तिरकी घळ, वर सुटे दगड. घळीत गाडी आली की एक मागचं चाक हवेत जातं आणि त्याच्या तिरक्या समोरचं पुढचं चाकही. फोर बाय फोर असूनही गाडी तिथेच का अडते, हे या जागी समजतं. साधा डिफरन्शियल, म्हणजे एक्सलवर दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा संच, सगळी ताकद सोप्या वाटेनं, म्हणजे हवेतल्या चाकाकडे पाठवतो. जमिनीवरचं चाक गप्प.

हायलक्स तिथे थांबली नाही. लो गिअरची कळ फिरवली, मागच्या एक्सलचा डिफ लॉक, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकत्रच फिरवणारी कळ, दाबली, आणि ती माणसाच्या चालीनं वर आली. मागे बसलेला वायरमन म्हणाला, ‘‘दादा, हिला चढ दिसलाच नाही.’’ २.८ लिटरचं इंजिन, २०४ पीएस, ऑटोमॅटिकला ५०० न्यूटन मीटर, मॅन्युअलला ४२०. फॉर्च्युनरमधलंच ते. पण माझं ठाम मत आहे की त्या चढावर ताकदीनं काम केलं नाही, डिफ लॉकनं केलं. पाण्याची खोली कंपनी ७०० मिलिमीटर सांगते. टाकी ८० लिटरची, त्यामुळे नाशिकला भरली की सुरगाण्याच्या आत फिरूनही डिझेलची चिंता नाही.

व्ही-क्रॉसचं इंजिन १.९ लिटर, १६३ पीएस, ३६० न्यूटन मीटर, आणि तो जोर दोन हजार आरपीएमच्या आसपासच हातात येतो. मी चालवलेल्या गाडीत मागचा डिफ लॉक नव्हता. ट्रॅक्शन कंट्रोल फिरत्या चाकाला ब्रेक लावून ताकद दुसरीकडे ढकलतो, पण त्याला क्षणभर वेळ लागतो. तेवढ्यात ॲक्सिलरेटरवरचा पाय सोडायचा नाही, हे त्या मित्रानं शिकवलं. पहिल्यांदा मी घाबरून पाय सोडला. दुसऱ्यांदा घळ थोडी डावीकडून धरली, दोन चाकं काठावर ठेवली, आणि लो मध्ये पहिल्या गिअरवर ती वर आली. मॅन्युअल गिअरचा खरा आनंद उतरताना मिळाला. लो, पहिला गिअर, ब्रेकला पाय नाही, आणि गाडी स्वतःला धरून हळूहळू खाली. लो गिअर म्हणजे वेग साधारण अडीच पटींनी कमी आणि चाकावरचा जोर तितकाच जास्त, एवढं समजलं तरी पुरे.

कॅम्परविषयी मला मनापासून सांगायचंय, कारण या यादीत त्याला कोणी धरत नाही. हजार किलो वाहायला बनवलेली गाडी. आमचं २६० किलो तिच्या खिजगणतीत नव्हतं. लांबी पाच मीटरच्या आत, त्यामुळे पाड्यातल्या कुंपणांमधून ती वळते, जिथे बाकीच्या दोन्ही अडल्या. त्या दोघींची लांबी ५.३ मीटर आहे, हे कागदावर वाचताना जाणवत नाही; गोठ्यापुढे उलट फिरवताना जाणवतं. दुरुस्ती पेठच्या साध्या गॅरेजातही होते. पण इंजिन २.५ लिटरचं जुन्या बांध्याचं आणि लांबच्या प्रवासाला थकवणारं. शिवाय ती मालवाहू पासिंगची, पिवळी पाटी. फिटनेस पहिली दोन वर्षं, मग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. ज्याचं काम फक्त वाहण्याचं आहे आणि घरच्यांसाठी दुसरी गाडी आहे, त्यानं कॅम्परच घ्यावा. माझी हीच गाडी घरचीही होणार होती.

आता वजनाचं गणित, कारण इथे पुष्कळ जण फसतात. ऑस्ट्रेलियात आणि थायलंडमध्ये हायलक्स, डी-मॅक्स एक टन वजनासाठी विकल्या जातात. तिथले व्हिडिओ बघून आपण समजतो की आपलीही तेवढं नेईल. आपल्याकडे खाजगी पासिंगच्या डबल कॅबला कागदावर मिळणारं वजन पुष्कळ कमी असतं. गाडीच्या कागदावरचं एकूण वजन घ्या, त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा. जे उरेल त्यातून माणसं वजा करा, पाच माणसांची साडेतीनशे किलो सहज होतात. उरलं ते तुमचं सामान. हा हिशेब शोरूममध्ये बसून, त्यांच्यासमोर कागदावर करा. हौदाही साधारण पाच फूट लांब असतो. आम्ही कधी सोलरच्या पॅनेलचं काम घेतो, तर पॅनेल सात फुटांचं. ते आडवं मावत नाही, त्यासाठी वर लोखंडी घोडी करून घ्यावी लागली.

पैशांचं म्हणाल तर, महाराष्ट्रात डिझेल गाडी वीस लाखांच्या वर गेली की रोड टॅक्स १५ टक्के, कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के. जीएसटीचे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून बदललेत, त्यामुळे मित्रानं दोन वर्षांपूर्वी सांगितलेला आकडा धरून बसू नका.

मी घेतली ती तीन वर्षं वापरलेली व्ही-क्रॉस, मॅन्युअल, फोर बाय फोर, एमएच-१५ पासिंगची. हायलक्स माझ्या चढावर जास्त चांगली होती, हे मी मान्य करतो. पण नव्या हायलक्समध्ये आणि या गाडीत जो फरक होता, त्यात माझं वर्षभराचं दुकान चालतं. जुनी घेताना लो गिअर शेतात नेऊन टाकून बघितला, डांबरावर नाही. या गाड्यांमध्ये पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मधोमध तिसरा डिफरन्शियल नसतो. कोरड्या डांबरावर फोर बाय फोर लावून वळवलं की दांड्यांवर ताण येतो आणि महागडे भाग तुटतात. ही चूक नवे मालक करतात. पाऊस, चिखल, खडी, एवढ्यासाठीच ती कळ.

घेतल्या घेतल्या पहिला खर्च टायरचा केला. कंपनीचे टायर रस्त्याचे असतात, २५५/६० आर १८. निफाडच्या काळ्या मातीत त्यांच्या खाचा पाच मिनिटांत भरतात आणि टायर तळलेल्या वड्यासारखा गुळगुळीत होतो. पेठची लाल माती चिकटत नाही, पण शेवाळासारखी निसरते. ऑल टेरेन टायर दोन्हीकडे चालतात. मड टेरेन चिखलात आणखी चांगले, पण सावळ घाटातल्या ओल्या डांबरावर त्यांची पकड मला नको होती, रोजचा रस्ता तोच. सामान कमी असेल तर चिखलात हवा ३५ वरून २२ वर आणतो. भरलेल्या गाडीत इतकी उतरवत नाही. गाडीत हवेचा छोटा पंप ठेवला आहे, कारण परत हवा भरल्याशिवाय घाटात जायचं नाही.

चौदा महिने झाले, २६ हजार किलोमीटर. महामार्गावर लिटरला साडेतेरा देते, पाड्यांच्या रस्त्यांवर नऊ ते दहा. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस सिक्स डिझेल गाड्यांना धुराच्या नळीत काजळीची गाळणी असते. ती साफ व्हायला गाडी अधूनमधून सलग तापावी लागते. आठवडाभर नुसती दुकान ते पंचवटी अशी फिरवली तर दिवा लागतो. मी रविवारी घोटीपर्यंत चक्कर मारतो, विषय संपतो. आणि कॅनमधलं डिझेल, कितीही अडचण असली तरी, नाही. या इंजिनाला गंधक अगदी कमी असलेलं डिझेल लागतं, आणि कॅनमध्ये काय मिसळलंय ते कोण सांगणार?

गैरसोयी सगळ्याच डबल कॅबच्या आहेत, या एकट्या गाडीच्या नाहीत. रविवार कारंजा, मेन रोड, भद्रकाली, इथे मी ती नेत नाही. हौदा उघडा, म्हणून पावसाळ्यात ताडपत्री आणि चार ठिकाणी दोरी. एकदा केबल भिजली तेव्हापासून झाकण बसवलं. मागच्या सीटची पाठ सरळ असते, आईला सप्तशृंगी गडावर नेलं तेव्हा वणीला थांबून कमरेमागे उशी द्यावी लागली. ती पुढे बसली असती तर बरं, पण तिला पुढची उंच पायरी चढवत नाही असं वाटून ती मागे गेली, आणि मागची पायरीही तेवढीच उंच निघाली. आता तिच्यासाठी एक लाकडी पाट गाडीतच असतो.

पाण्याबद्दल माझा नियम कडक आहे. नार-पारच्या खोऱ्यात फरशीवरून पाणी वाहत असेल तर फरशी दिसली पाहिजे. दिसत नसेल तर गाडी बंद, चहा. किती मिलिमीटर पाण्यातून जाते हा आकडा थांबलेल्या पाण्याचा असतो. वाहतं पाणी दोन टनांची गाडी आडवी ढकलतं. मागच्या ऑगस्टमध्ये उंबरठाणकडे आम्ही अडीच तास असे बसलो होतो, पलीकडे विहिरीवर माणूस वाट बघत होता. त्याला फोन केला, तो म्हणाला, ‘‘या सावकाश, पाऊस पडतोय म्हणजे पंपाची घाई नाही.’’

डिफ लॉकची उणीव मात्र मनात राहिली आहे. बाहेरून बसवून मिळतो, चौकशी केली आहे, दिवाळीनंतर बघू. तोपर्यंत ज्या कोणाला नाशिकमध्ये अशी गाडी घ्यायची असेल, त्यानं करंजाळीकडचा तो चढ जूनमध्ये जरूर बघावा. सामान माझ्या दुकानातून न्या. २६० किलो, तोललेलं.